हे पित्या, हे प्रभू : ख्रिस्ती प्रार्थनेत तीच ती वाक्यं का असतात?

‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’, ‘प्रेमळ देवबापा’, ‘सर्वसमर्थ परमेश्वरा’, ‘तुझे उपकार मानतो’, ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’, ‘येशूच्या नावाने मागतो, आमेन’. मराठी ख्रिस्ती घरात प्रार्थनेला बसलात तर पाच मिनिटांत यांतली निम्मी वाक्यं कानावर पडतात. घर बदललं, पाळक बदलले, निमित्त बदललं, तरी वाक्यं तीच. इंदूरमध्ये आमच्या घरच्या प्रार्थनांना शेजारपाजारची मंडळी हक्काने येतात, आमच्यासोबत डोळे मिटून बसतात आणि नंतर पोह्यांवर जीरावन भुरभुरवत हळूच विचारतात, हे सगळं तुम्हाला पाठ करायला लावतात का? आणि पाठ नसेल, तर सगळे एकसारखं कसं बोलतात?

प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र दोन वाक्यांत आटोपणारं नाही, कारण या साध्या दिसणाऱ्या हाकांमागे बरीच जुनी भांडणं आहेत.

आधी आमच्या गावापुरतं सांगते. इंदूरच्या मराठी ख्रिस्ती माणसाला ही वाक्यं दोन भाषांत येतात. चर्चमधली उपासना बहुतेक हिंदीत, त्यामुळे तिथे ‘हे हमारे स्वर्गीय पिता’. घरी मराठी, कारण आमच्यासारख्या अनेकांचे आजे-पणजे नगरकडचे. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 साली सुरू झालं. इंदूरला 1877 मध्ये कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी आले. किशोरकुमार ज्या ख्रिश्चन कॉलेजात शिकले ते याच मिशनचं, 1887 सालचं. नगरचे आणि इंदूरचे हे दोन्ही मिशनवाले प्रार्थनेच्या बाबतीत एका वळणाचे होते. पुस्तकात बघून प्रार्थना वाचायची नाही, मनातलं आपल्या तोंडाने बोलायचं, ही त्यांची शिस्त. पुढे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या, म्हणजे चर्चसंघटना, एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आणि त्यात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले लोक, आपलं छापील प्रार्थनापुस्तक घेऊन आले. म्हणून आज आमच्या एकाच उपासनेत लिहिलेली प्रार्थनाही असते आणि तोंडची प्रार्थनाही. पाहुण्याला दोन्ही सारख्याच ऐकू येतात, त्यात त्याची चूक नाही.

या दोन पद्धतींचं भांडण इंग्लंडातलं. 1549 मध्ये आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर याने सगळ्या देशासाठी इंग्रजीत एकच प्रार्थनापुस्तक काढलं. चर्चची आणखी सुधारणा व्हावी असं म्हणणाऱ्या प्युरिटन मंडळींना ते रुचलं नाही. छापील शब्द वाचणं म्हणजे प्रार्थना नव्हे, असं त्यांचं म्हणणं. यादवी युद्धाच्या काळात, 1645 साली, पार्लमेंटने ते पुस्तकच बाद केलं आणि त्याजागी नुसत्या सूचनांची पुस्तिका आणली. प्रार्थनेत कोणकोणते विषय यावेत हे तिच्यात होतं, शब्द पाळकाने आपले आपण घालायचे. मजा अशी की पुस्तक गेलं तरी ठरलेली वाक्यं काही गेली नाहीत. पुस्तकाशिवाय बोलणारा माणूससुद्धा शब्द कुठून तरी उचलतोच. आणि ख्रिस्ती माणूस ते बायबलातून उचलतो.

आमच्या मंडळीतल्या एका आजींची सकाळची प्रार्थना मला जवळपास तोंडपाठ आहे. ‘हे आमच्या स्वर्गातील प्रेमळ देवबापा, रात्रभर तू आम्हांला राखलंस, नवा दिवस दाखवलास, तुझे उपकार किती म्हणून मानावेत. लेकरं कामाधंद्याला निघाली आहेत, त्यांच्या जाण्यायेण्यावर तुझी नजर असू दे. आजची भाकर आज दे, उद्याचं तू बघशील. येशूच्या नावाने मागते, आमेन.’ आजींना कुणी हे शिकवलेलं नाही. पण बघा, ‘राखणं’ आणि ‘जाणं-येणं’ दोन्ही 121व्या स्तोत्रातले. रोज सकाळी नवी होणारी दया विलापगीतातली. भाकर येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतली, आणि ‘उद्याचं उद्या’ हे त्याच्याच डोंगरावरच्या प्रवचनातलं. वर्षानुवर्षं दर रविवारी कानावर पडलेलं आजींच्या जिभेवर येऊन बसलंय. शेजारच्यांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे आहे. पाठ कुणी करून घेत नाही, पाठ होऊन जातं.

हाक आणि मागणं

पण ठरलेल्या वाक्यांची खरी गंमत त्यांच्या मांडणीत आहे. पाश्चात्त्य चर्चमध्ये लॅटिन काळापासून एक छोट्या प्रार्थनेचा साचा चालत आला आहे. क्रॅन्मरने तो इंग्रजीत इतका चपखल बसवला की आजही त्याचं उदाहरण देतात. त्यातली एक प्रार्थना अँग्लिकन प्रभुभोजनाच्या सुरुवातीला म्हणतात. तिचा आशय मराठीत असा सांगता येईल. सर्वसमर्थ देवा, तुझ्यापुढे सगळी अंतःकरणं उघडी आहेत, सगळ्या इच्छा तुला ठाऊक आहेत, कुठलंही गुपित तुझ्यापासून लपलेलं नाही. तुझ्या पवित्र आत्म्याने आमच्या अंतःकरणातले विचार शुद्ध कर, म्हणजे आम्ही तुझ्यावर मनापासून प्रेम करू आणि तुझं नाव योग्य तऱ्हेने गौरवू. ख्रिस्त आमचा प्रभू याच्याद्वारे. आमेन.

आता हिची शिवण उसवून बघा. आधी हाक, मग ज्याला हाक मारली त्याच्याबद्दलची एक गोष्ट, मग मागणं, मग ते कशासाठी हवं, मग कुणाच्या आधाराने मागतोय, आणि आमेन. यातली दुसरी पायरी महत्त्वाची. देवाबद्दलच्या हजार गोष्टींतून इथे नेमकी ‘अंतःकरणं तुझ्यापुढे उघडी आहेत’ हीच का निवडली? कारण मागणं अंतःकरण शुद्ध करण्याचं आहे. ज्याला आतलं दिसतं त्यालाच आतलं धुवायला सांगायचं. पाऊस मागायचा असता तर इथे आकाश आणि ढग आले असते.

हे क्रॅन्मरचं डोकं नव्हे, बायबलातच असं आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात, येशूला धरून देणाऱ्या यहूदा या शिष्याच्या रिकाम्या जागी माणूस नेमायचा असतो. दोन नावं पुढे येतात, योसेफ बर्सबा आणि मत्थिया. तेव्हा शिष्य ‘हे प्रभू, तू सर्वांची हृदयं जाणतोस’ अशी हाक मारतात, कारण त्यांना माणूस पारखून हवा आहे. चौथ्या अध्यायात पेत्र आणि योहान यांना यरुशलेमच्या अधिकाऱ्यांनी धमकावून सोडलेलं असतं. तेव्हाची हाक वेगळी. आकाश, पृथ्वी, समुद्र निर्माण करणाऱ्या स्वामी! कारण समोर सत्तेची माणसं आहेत आणि त्यांच्याहून मोठ्या धन्याला हाक मारायची आहे. मागणंही त्याला साजेसंच, धीटपणे बोलायचं बळ दे. गणपतीच्या आरतीत ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ आधी येतं आणि ‘संकटी पावावे’ नंतर, हे ज्याच्या कानात लहानपणापासून आहे त्या मराठी वाचकाला यात नवं काही वाटू नये.

म्हणून माझं मत असं की प्रार्थना चांगली की नुसती पोपटपंची, हे हाकेवरून कळतं. हाक आणि मागणं एकमेकांना धरून असतील तर शब्द कितीही जुने असोत, ते कामाचे आहेत. आणि आजार बरा होण्यापासून ते परीक्षेच्या निकालापर्यंत सगळ्याला एकच ‘सर्वसमर्थ सर्वज्ञ सनातन पवित्र प्रेमळ दयाळू पित्या’ ही लांबलचक माळ घातली, की तिच्यातला एकही मणी कामाला येत नाही.

बाप म्हणायचं म्हणजे किती जवळ जायचं?

सगळ्यांत जास्त ऐकू येणारी हाक बापाची. ती येशूच्या शिकवणीतून आली. बायबलात येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत, मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची. त्यांतल्या मत्तयाच्या सहाव्या अध्यायात ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ अशी सुरुवात असलेली प्रार्थना येशू शिष्यांना शिकवतो. लूकच्या अकराव्या अध्यायात तीच जरा आटोपशीर आहे. देवाला बाप म्हणणं यहूदी लोकांना अगदीच अनोळखी होतं असं नाही. यशयाच्या पुस्तकात ‘तू आमचा बाप आहेस’ असं लोक म्हणतात. पण येशू ज्या सातत्याने ती हाक वापरतो ते ठळकपणे वेगळं आहे. गेथशेमाने बागेत, पकडलं जाण्याआधीच्या रात्री, तो ‘अब्बा, बापा’ म्हणतो. अब्बा हा त्याच्या बोलीभाषेतला, अरामी भाषेतला शब्द. मार्कने ग्रीकमध्ये लिहितानाही तो तसाच ठेवला, पौलानेही रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत तसाच ठेवला.

प्रवचनांत हमखास ऐकू येतं की अब्बा म्हणजे लहान मुलाचं ‘बाब्बा’, लाडाची हाक. या समजाचं मूळ विसाव्या शतकातले जर्मन अभ्यासक योआखिम येरेमियास यांच्या लिखाणात आहे. त्यांनी स्वतः पुढे तो दावा सौम्य केला, आणि 1988 मध्ये जेम्स बार यांनी पुराव्यानिशी दाखवलं की मोठी, कर्ती मुलंही आपल्या वडिलांना अब्बाच म्हणत. म्हणजे हाक घरातली आहे, पण बोबडी नाही. मला हे जास्त पटतं. गेथशेमानेत येशू जे बोलतो ते लाडाचं नाहीच. हा प्याला दूर कर, तरी माझ्या नव्हे तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. मोठा झालेला मुलगा बापाशी बोलतो तसं ते आहे.

आणि दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर, मार्कच्या शुभवर्तमानात, तोच येशू बाप म्हणत नाही. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही 22व्या स्तोत्राची पहिली ओळ. स्वतःचे शब्द सुचू नयेत अशा घटकेला त्याने पाठ असलेली प्रार्थना म्हटली. पाठ केलेलं म्हणजे खोटं, असं मानणाऱ्यांनी या जागेवर थोडं थांबावं.

मराठीत ही हाक चारशे वर्षांची आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात छापलं गेलं, त्याच्या पहिल्याच ओवीत ‘देवा बापा सर्वसमर्था’ आहे. आमचं ‘देवबाप’ त्याच घराण्यातलं. नारायण वामन टिळकांनी मात्र पुढे जाऊन ख्रिस्ताला माउली म्हटलं. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत, तेव्हा ही हाक त्यांच्या तोंडी येणारच होती. काही लोकांना अजूनही हे फार ‘हिंदू’ वाटतं. त्यांना सांगायला हवं की इंग्लंडात चौदाव्या शतकात नॉरिचची ज्युलियन ही साध्वीही येशूला आई म्हणत होती, आणि आई लेकराचं सांत्वन करते तसं मी तुमचं करीन, हे यशयाच्या शेवटच्या अध्यायात खुद्द देवाचं बोलणं आहे. ज्यांच्या घरी बाप म्हणजे दारू आणि मारहाण होती, अशा बायका माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांना ‘पित्या’ म्हणताना घशात अडकतं. त्यांनी ‘माउली’ किंवा नुसतं ‘प्रभू’ म्हटलं तर बिघडलं कुठे?

परमेश्वर, यहोवा आणि तू

इंदूरमध्ये पाहुण्यांचा गोंधळ उडवणारी आणखी एक गोष्ट. चर्चमध्ये हिंदीत ‘यहोवा मेरा चरवाहा है’ आणि घरी मराठीत ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’. देव दोन नाहीत. जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपूर्वीच्या भागात, देवाचं एक नाव चार हिब्रू व्यंजनांत लिहिलेलं आहे. यहूदी लोक आदरापोटी ते उच्चारत नाहीत, त्याजागी ‘अदोनाय’ म्हणजे ‘प्रभू’ वाचतात. त्या व्यंजनांना अदोनायचे स्वर जोडून पुढे ‘यहोवा’ हा उच्चार तयार झाला. हिंदीच्या जुन्या बायबलाने तो घेतला. मराठी बायबलाने ‘परमेश्वर’ घेतला. म्हणून हिंदीत प्रार्थना करणारे काका ‘हे यहोवा’ म्हणतात आणि तेच काका घरी येऊन ‘हे परमेश्वरा’ म्हणतात.

याच 23व्या स्तोत्रात एक बारीक वळण आहे. पहिल्या तीन ओव्यांत दावीद देवाबद्दल बोलतो. तो मला हिरव्या कुरणांत बसवतो, संथ पाण्यावर नेतो. चौथ्या ओवीत मृत्यूच्या छायेची दरी येते आणि वाक्य फिरतं, ‘कारण तू माझ्याबरोबर आहेस’. कुरणात ‘तो’, दरीत ‘तू’. एम. वाय. हॉस्पिटलच्या वॉर्डात खाटेशी उभं राहून हे स्तोत्र म्हणताना बरोबर या जागी आवाज बदलतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय.

‘तू’बद्दलही विचारतात. पाळकांना ‘आपण’ आणि देवाला ‘तू’? मराठी माणसाने खरं तर हे विचारू नये. जनाबाई विठोबाशी कशी भांडते ते आपल्याला ठाऊक आहे. बायबलच्या मूळ हिब्रू आणि ग्रीकमध्ये एका व्यक्तीशी बोलायला आदरार्थी वेगळं सर्वनामच नाही. इंग्रजांची गंमत वेगळी. त्यांचं जुनं ‘दाऊ’ हे आपल्या तूसारखंच जवळिकीचं होतं. पुढे ते रोजच्या बोलण्यातून गेलं, फक्त प्रार्थनेत उरलं, आणि लोकांना वाटायला लागलं की तो फार आदराचा शब्द आहे. हिंदी उपासनेत जुनी पिढी ‘तेरा नाम’ म्हणते, नवी मुलं ‘आपका’ म्हणायला लागली आहेत. मराठीत अजून तरी तूच आहे, आणि तो तसाच राहावा असं मला वाटतं.

नेमकं कुणाशी बोलतोय?

आता जरा अवघड भाग. ख्रिस्ती श्रद्धेत देव एकच, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा त्रैक्य. प्रार्थनेचा नेहमीचा मार्ग म्हणजे पित्याकडे, पुत्राच्या द्वारे, आत्म्याच्या साहाय्याने. म्हणून सुरुवात ‘हे पित्या’ आणि शेवट ‘येशूच्या नावाने’. थेट येशूलाही हाक मारतात, ती रीतही पहिल्यापासूनची. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याला दगडमार होत असताना तो ‘हे प्रभू येशू, माझ्या आत्म्याचा स्वीकार कर’ म्हणतो. आजच्या तुर्कस्तानातल्या बिथुनियाचा रोमन सुभेदार प्लिनी याने 112 च्या सुमारास सम्राट त्राजानला कळवलं होतं की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून गाणी म्हणतात.

घोटाळा होतो तो मध्येच गाडी रूळ बदलते तेव्हा. ‘हे स्वर्गातील पित्या, तू किती चांगला आहेस, तू आमच्यासाठी वधस्तंभावर प्राण दिलास, आम्ही तुझ्याच नावाने मागतो.’ भरात हे वाक्य कुणाच्याही तोंडून निघतं, मीही शंभरदा ऐकलंय. पण वधस्तंभावर पिता नव्हता, पुत्र होता. पिता आणि पुत्र ही एकाच व्यक्तीची दोन सोंगं आहेत असं मानणारे लोक तिसऱ्या शतकाच्या तोंडावर होतेच, आणि चर्चने ते मत नाकारलं. कार्थेजच्या तर्तुलियनने 213 च्या आसपास त्यातल्या प्रक्सेयस नावाच्या एकाची खिल्ली उडवली की या गृहस्थाने पवित्र आत्म्याला हाकलून दिलं आणि पित्याला वधस्तंभावर चढवलं. आमच्या बुधवारच्या प्रार्थनासभेत तर्तुलियन येऊन बसला तर त्याला दर आठवड्याला नवा मजकूर मिळेल.

शब्दयोगी अव्ययांवरूनही तंटे झालेत. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बासिल गौरवगीतात कधी ‘पुत्राच्या द्वारे, आत्म्यामध्ये’ म्हणे, कधी ‘पुत्रासह, आत्म्यासह’. दुसरी तऱ्हा नवीन आहे म्हणून त्याच्यावर टीका झाली. ‘सह’ म्हटलं की तिघं एका पातळीवर येतात, आणि विरोधकांना तेच नको होतं. बासिलने त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला.

‘येशूच्या नावाने’ याचा अर्थ मंत्राच्या शेवटी लावायचं बीज असा नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, माझ्या नावाने जे मागाल ते मी करीन. कुणाच्या नावाने मागणं म्हणजे त्याच्या अधिकारावर, त्याला मान्य असेल असं मागणं. नुसतं नाव घेऊन भागत नाही, हे सांगणारी गोष्ट प्रेषितांची कृत्ये एकोणिसाव्या अध्यायात आहे. इफिसात स्किवा नावाच्या याजकाचे सात मुलगे भूत काढण्याचा उद्योग करत. पौल येशूचं नाव घेतो हे बघून त्यांनीही ते वापरून पाहिलं. भूत म्हणालं, येशूला मी ओळखतो, पौलही मला माहीत आहे, पण तुम्ही कोण? आणि भुताने झपाटलेल्या माणसाने त्यांना असं बदडलं की ते उघडेनागडे पळाले.

भरतीचे शब्द

आता ज्यावर शेजारी मनातल्या मनात हसतात आणि आम्हीही घरी येऊन हसतो, ते. प्रत्येक चार शब्दांमागे ‘प्रभू’. ‘प्रभू आम्ही आज प्रभू तुझ्यापुढे प्रभू आलो आहोत’. बोलणारा पुढचं वाक्य शोधत असतो, तेवढ्यात श्वास घ्यायला ही जागा. हे मी माफ करते. चारचौघांत मोठ्याने प्रार्थना करायला धीर लागतो, आणि अडखळताना देवाचंच नाव येत असेल तर ठीक आहे.

तरुणांच्या गटांत दुसरी सवय शिरली आहे. ‘हम बस तेरा धन्यवाद करना चाहते हैं’. इंग्रजी प्रार्थनेतला ‘जस्ट’ हिंदीत ‘बस’ होऊन आला, आणि मराठीत ‘आम्ही तुला धन्यवाद देऊ इच्छितो’ असा. अरे, इच्छितो कशाला, देऊन टाका की! उपकार मानायचे तर ‘तुझे उपकार मानतो’ हे आपलं जुनं वाक्य सरळ आहे.

आणि तिसरी, माझ्या मते खरी वाईट सवय म्हणजे देवाच्या आडून माणसांशी बोलणं. ‘हे प्रभू, तुला ठाऊकच आहे की येत्या शनिवारी साडेचार वाजता महिला मंडळाची सभा आहे आणि प्रत्येकीने डबा आणायचा आहे.’ देवाला डबा आणायचा नसतो. याहून वाईट म्हणजे ‘प्रभू, आमच्यातल्या काहींची मनं कठीण झाली आहेत, त्यांना नम्र कर’, आणि सगळ्या खोलीला कळलेलं असतं की बोलणं कुणाला उद्देशून आहे.

येशूने मत्तयाच्या सहाव्या अध्यायात व्यर्थ बडबडीला नको म्हटलं आहे ते प्रभूची प्रार्थना शिकवण्याच्या दोनच ओव्या आधी. पुष्कळ बोलल्याने ऐकलं जाईल असं समजू नका, मागण्याआधीच तुमच्या पित्याला गरज ठाऊक आहे. मग बोलायचं तरी कशाला? पाचव्या शतकाच्या सुरुवातीला प्रोबा नावाच्या एका श्रीमंत रोमन विधवेने बिशप ऑगस्टीनला साधारण हेच विचारलं होतं. त्याचं उत्तर असं की शब्द देवाला माहिती द्यायला नसतात, आपल्याला काय हवंय याची आपल्यालाच आठवण करून द्यायला असतात. याच पत्रात तो इजिप्तमधल्या साधूंचं कौतुक करतो. ते वारंवार पण अगदी तोकड्या प्रार्थना करत, बाण सोडावा तशा, लांबण लागून लक्ष उडू नये म्हणून.

‘तुझी इच्छा असेल तर’ या वाक्यावर अलीकडे काही उपदेशक आक्षेप घेतात. त्यांच्या मते ही विश्वासाची कमतरता, ठामपणे मागा. गेथशेमानेतल्या प्रार्थनेला मग काय म्हणायचं? आजाऱ्याच्या उशाशी उभं राहून ‘बरा झालाच आहे’ असं जाहीर करण्यापेक्षा मला हे जुनं वाक्य प्रामाणिक वाटतं. निदान नंतर घरच्यांना ‘तुमचाच विश्वास कमी पडला’ असं ऐकावं लागत नाही.

प्रभूची प्रार्थना सगळे मिळून म्हणतात तेव्हा इंदूरच्या मिश्र बैठकांत एक गमतीशीर क्षण येतो. ‘वाइटापासून सोडव’ इथे कॅथलिक पाहुणे थांबतात आणि आम्ही प्रोटेस्टंट ‘कारण की राज्य, पराक्रम व गौरव’ म्हणत पुढे धावतो. मग अर्धी खोली गप्प, अर्धी मोठ्याने. हा शेवट मत्तयाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. पण त्याच्याशी मिळतं वाक्य दिदाखे या फार जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेत आहे, म्हणजे उपासनेत ते लवकरच आलं असावं. कॅथलिक मिस्सात, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेतही ते आहे, फक्त मध्ये धर्मगुरूची एक छोटी प्रार्थना येते आणि मग लोक म्हणतात. कुणी चुकत नाही, थोडं पुढेमागे होतं इतकंच.

राहता राहिलं आमेन. हिब्रू शब्द, ‘तसंच असो’, आणि तो मुळात ऐकणाऱ्याचा. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल विचारतो, तू काय बोलतोस हे ज्याला कळलं नाही, तो तुझ्या उपकारस्तुतीला आमेन कसा म्हणणार? म्हणजे समजेल असं बोलण्याची जबाबदारी प्रार्थना करणाऱ्याची. खोलीत मराठी आजी आणि हिंदी शेजारी दोन्ही असतील तर पाळकांनी दोन्ही भाषांत बोलावं, आमचे काही पाळक तसं करतातही.

पाहुण्यांनी आमेन म्हणायलाच हवं असं नाही. डोळे मिटणं, हात जोडणं, हेही सक्तीचं नाही, शांत बसलं तरी पुरे. आणि कुणी उत्साही काका तुम्हालाच ‘दोन शब्द प्रार्थना करा’ म्हणाले, तर नाही म्हणायला हरकत नाही, कुणी रागावत नाही. करावीशी वाटलीच तर आमची वाक्यं उसनी घेऊ नका. ‘देवा, तुला सगळं दिसतं, या घरातल्या आजारी माणसाकडे बघ’ एवढं म्हणा. आमेन आम्ही म्हणू.